बाहुले सरांनी लावलेलं लग्न

सहा फूट उंच, झुपकेदार मिशांचा, तालमीतून थेट वर्गात आल्यासारखा दिसणारा माणूस खांद्यावरच्या शबनम पिशवीत हात घालायचा आणि आतून वीतभर उंचीची चिंध्यांची बाहुली काढून टेबलावर बसवायचा. डस्टर तिच्या पाठीशी टेकवायचा, म्हणजे ती कलंडत नसे. मग वर्गाकडं वळून म्हणायचा, "हं, काढा वह्या." पहिल्या दिवशी आम्ही सगळे इतके हसलो की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर डोकावून गेले. दुसऱ्या दिवशी थोडे कमी हसलो. महिन्याभरानंतर ती बाहुली टेबलावर नसली तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

सोनईपासून चार-पाच किलोमीटरवरच्या आमच्या गावात तेव्हा चित्रकलेला शिक्षक मिळणं हीच मोठी गोष्ट होती. हे अकोले तालुक्यातल्या डोंगरातून आलेले. त्यांचं खरं आडनाव काय ते मुलांना ठाऊक नव्हतं, आणि मुलांनी ‘बाहुले सर’ म्हणायला सुरुवात केल्यावर मोठेही तेच म्हणायला लागले. आडनाव कळलं की माणूस कुठल्या घरचा ते कळतं, म्हणून गावातल्या दोघातिघांनी त्यांना आडून आडून विचारून पाहिलं. सर म्हणत, "पोरं बाहुले म्हणतात. बरं वाटतं."

बाहुलीबद्दल गावात तीन-चार गोष्टी फिरत होत्या. कुणी म्हणायचं, सरांची मुलगी गेली, तिची ती आठवण. कुणी म्हणायचं, काहीतरी करणीबिरणीचं असणार, डोंगराकडची माणसं. शेवटी सुजातानं सरळ विचारलं. सुजाता माझ्याच बाकावर बसायची. तिच्या तोंडात प्रश्न आला की तो गिळायची तिला सवयच नव्हती.

"सर, ही बाहुली कुणाची हाय?"

"माझीच की."

"तुमची म्हंजे?"

"म्हंजे मी खेळायचो हिच्याशी. आई भातलावणीला गेली की बांधावर मला नि हिला बसवून जायची. दिसभर आमी दोघंच." मागच्या बाकावरची मुलं खिदळली. सरांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बाहुलीचं लुगडं नीट करत राहिले. ते गुडघ्यापर्यंतच नेसवलेलं होतं. एका मुलीनं ते पाहून, "सर, हिची साडी आखूड झालीय," म्हटलं, तेव्हा सर म्हणाले, "आखूड न्हाई झाली. ती चिखलात उभी हाय. भाताच्या खाचरात बाया अशाच नेसतात."

आमच्याकडं ऊस, बाजरी, कांदा. भाताचं खाचर आम्ही पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी वर्गातल्या निम्म्या मुलांनी बाहुलीच्या पायाखाली चिखल काढला. टेबलावर चिखल नव्हता, पण सर काही बोलले नाहीत.

त्यांचं शिकवणं म्हणजे दोन-तीनच वाक्यं. त्यातलं मुख्य, "डोळे शेवटी." आम्ही चेहरा काढायला बसलो की पहिल्यांदा डोळे काढायचो, पापण्यांसकट. सर खोडरबर घेऊन येत. "डोळे आधी काढले की ती तुमच्याकडं बघायला लागते. मग तुमी तिला चांगलंच काढणार. आधी ती हाय तशी काढा." मी आता एका शाळेत चित्रकला शिकवते. हे वाक्य मी मुलांना सांगते, आणि दर वेळी सांगताना मला ते पूर्ण कळलंय असं वाटत नाही.

त्यांचं दुसरं वाक्य मात्र मला तेव्हाही आवडायचं नाही. "ते बी खरंच." कुणी काहीही म्हटलं की सर म्हणायचे, ते बी खरंच. हेडमास्तर म्हणाले, चित्रकलेचा तास इंग्रजीला द्या, ते बी खरंच. आम्ही म्हटलं, आम्हाला तास हवा, ते बी खरंच. हा माणूस स्वतः कुठल्या बाजूचा आहे ते कधी समजायचंच नाही. घरी आई म्हणायची, गरीब आहेत बिचारे. अप्पा म्हणायचे, गरीब न्हाई, हुशार आहेत. अप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. शाळेच्या समितीवर होते.

सातवीत असताना सरांनी फर्मान काढलं की प्रत्येकानं घरातली बाहुली घेऊन यायची, मुलांनीसुद्धा. सातवीत बाहुली पिशवीतून काढायची म्हणजे केवढी लाज! तरी आल्या. शिंगणापूरच्या दुकानातून कुणा पाहुण्यानं आणलेली शिट्टीची बाहुली आली. लाकडाची, रंग उडालेली आली. एका मुलाच्या घरी बाहुलीच नव्हती, त्यानं मक्याचं कणीस आणलं, शेंडीच्या केसांची वेणी घातलेलं. एकानं बहिणीचा झबला घातलेली वीट आणली. सुजातानं आजीनं शिवलेली बाहुली आणली, पांढऱ्या पातळाच्या तुकड्याची, निळ्या काठाची. तिचे लोकरीचे केस सुजाताच्या भावानं कात्रीनं भादरून टाकले होते. मी आणली मामानं पुण्याहून आणलेली. सोनेरी केस, निळे डोळे, आडवी केली की डोळे मिटणारी. माझ्या बाहुलीभोवती घोळका जमला. मी फुशारून गेले.

सर आले. त्यांनी माझी बाहुली हातात घेतली, आडवी केली, उभी केली. "ही कुणाची?"

"माझी."

"तुझ्यासारखी दिसत न्हाई."

मला राग आला. "बाहुली माझ्यासारखी कशाला दिसेल, सर? बाहुली बाहुलीसारखी दिसते."

सर थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ते बी खरंच," आणि बाहुली परत दिली. मी रडवेली झाले. मला वाटलं, सरांना माझी बाहुली आवडली नाही. आता वाटतं, त्यांना माझं उत्तर आवडलं असावं. नक्की सांगता येत नाही.

आम्ही त्या बाहुल्यांची चित्रं काढून रंगवली. खडूच्या डबीत एक गुलाबीसर खडू असायचा, त्याला सगळे ‘अंगाचा रंग’ म्हणायचे. वीट सोडली तर सगळ्या बाहुल्यांना तो फासला गेला, कणसालाही. सरांनी दुसऱ्या दिवशी लाल, पिवळा आणि निळ्याचा एक ठिपका देऊन सांगितलं, "आपापल्या हाताचा रंग बनवा. कागदावर लावा, हात शेजारी ठेवा. जुळला की मला दाखवा." दोन तास आम्ही हात कागदाला लावून बसलो होतो. कुणाचा जास्त पिवळा, कुणाचा मातकट. माझा नि सुजाताचा रंग इतका सारखा निघाला की शेवटी आम्ही एकाच वाटीतून दोघींनी रंगवलं. त्या रंगानं बाहुलीचं चित्र रंगवून मी घरी नेलं, तर आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, काळी कशाला काढलीस? चांगली गोरी होती." अप्पा हसले. म्हणाले, "मास्तरच काळा, त्याला काय!" आणि मलाच जवळ घेऊन भेळेचा पुडा हातात दिला. अप्पांचा माझ्यावर फार जीव होता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सांगताना ते वाईट ठरतील आणि ते तसे नव्हते.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला स्मरणचित्र असतं. त्यात बाजार, जत्रा, लग्न असले विषय येतात. सरांनी लग्न काढायला दिलं आणि आमची चित्रं पाहून डोक्याला हात लावला. सगळ्यांच्या चित्रांत पंगत तेवढी नीट होती. नवरा-नवरीला हातच नव्हते. "लग्नाला जाता आणि जेवून येता," सर म्हणाले. "शनिवारी इथं लग्न लावू. बाहुल्यांचं. नीट बघा आणि मग काढा."

नवरी कुठली, नवरा कुठला, यावर इतकी भांडणं झाली की सरांनी मुलींची नावं चिठ्ठ्यांवर लिहून स्टीलच्या पेल्यात टाकली. पहिली चिठ्ठी निघेल ती नवरीकडची, दुसरी नवऱ्याकडची. सरांनीच दोन्ही काढल्या. पहिली माझी. दुसरी सुजाताची. आम्ही दोघी उड्या मारायला लागलो. सुजाताच्या बाहुलीचे केस भादरलेलेच होते, तिला फेटा बांधला की नवरा तयार. मला आठवतं, सर त्या दोन चिठ्ठ्या हातात धरून जरा वेळ नुसते उभे होते. मग त्यांनी त्या खिशात टाकल्या.

शनिवारी लग्न लागलं. अडचण अशी आली की मी मंगलाष्टकं म्हणायला सुरुवात केली, तर सुजाता म्हणाली, "आमच्यात हे नसतं. आमच्यात त्रिशरण म्हणतात."

"मग आमच्या नवरीचं लग्न कसं लागणार?"

"मग आमच्या नवऱ्याचं कसं लागणार?"

आम्ही सरांकडं पाहिलं. सर खिडकीपाशी बसून आमचीच रेखाटनं करत होते. म्हणाले, "मला नका विचारू. मी पाहुणा हाय." मग आम्हीच ठरवलं, आधी तुमचं, मग आमचं. सुजातानं तिच्या आजीसारखा आवाज लावून त्रिशरण म्हटलं, सगळ्या वर्गानं मागून म्हटलं. मग मी मंगलाष्टकं म्हटली, अक्षता म्हणून खडूचा चुरा टाकला. कणीस करवली झालं. वीट नवरीचा मामा झाली. इतकं सुंदर लग्न मी नंतर पाहिलं नाही.

चित्रंही तशीच झाली. सरांनी ती वऱ्हांड्याच्या भिंतीवर ओळीनं लावली. मी चित्राच्या वरच्या बाजूला लग्नपत्रिका काढली. पत्रिका म्हटली की आडनावं आली. डाव्या बाजूला आमचं आडनाव, उजव्या बाजूला सुजाताचं. ठसठशीत अक्षरात, लाल शाईनं. सरांनी ती वाचली होती. मला स्पष्ट आठवतं, कारण ‘आशीर्वाद’ शब्दातला रफार मी विसरले होते आणि तो त्यांनी दुरुस्त करून दिला होता.

दोन दिवस चित्रं भिंतीवर होती. तिसऱ्या दिवशी समितीची बैठक होती. मला आणि सुजाताला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. अप्पा खुर्चीवर बसलेले, चेहरा लाल. माझं चित्र टेबलावर. सर दाराशी उभे.

"खेळ हाय, मला कळतंय," अप्पा सरांना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "पोरी एकत्र खेळतात, एकत्र जेवतात, मी कधी काय म्हणलो न्हाई. हिचा बाप आणि आमी फॅक्टरीवर एका टपरीत चहा पितो. पण आडनावं भिंतीवर लावायची न्हाईत, सर. उद्या गाव काय म्हणंल?"

मी सरांकडं पाहिलं. माझी खात्री होती की ते ‘ते बी खरंच’ म्हणणार, आणि मग आम्ही काही बोललो की आम्हालाही ‘ते बी खरंच’ म्हणणार, आणि प्रकरण तिथं संपणार. पण सर वेगळंच बोलले.

"चूक झाली," सर म्हणाले. "माझी चूक झाली. मी चित्रं उतरवतो."

सुजाता म्हणाली, "कुठली चूक झाली, सर?"

हेडमास्तरांनी "बाळ, तू वर्गात जा," म्हटलं. सुजाता जागची हलली नाही. "बाहुलीचं लग्न लावलं ती, का माझ्या बाहुलीशी लावलं ती?"

"मला सांगता येत न्हाई," सर म्हणाले.

"मग चूक झाली म्हणला कशाला?"

सरांनी मान खाली घातली. एवढा मोठा माणूस दारात मावेनासा उभा होता आणि बारा वर्षांच्या मुलीपुढं त्याला एक शब्द सापडत नव्हता. मीही उभी होते. मीही काही बोलले नाही. अप्पा माझे होते, चित्र माझं होतं, पत्रिका मी काढली होती. तरी मी जमिनीकडं बघत राहिले.

दुपारच्या सुट्टीत सर स्टुलावर चढून चित्रं उतरवत होते. टाचण्या एकेक करून काढत, कागद फाटू नये म्हणून कोपरे दाबून धरत. आम्ही लांबून पाहत होतो. संध्याकाळी सुजाताचे वडील सायकलवरून आले, कुणालाही काही न बोलता मुलीची बाहुली मागून घेतली, पिशवीत ठेवली आणि गेले. सुजाता दुसऱ्या दिवसापासून पुढच्या बाकावर बसायला लागली. मी तिला कारण विचारलं नाही. मला कारण माहीत होतं आणि माहीत नव्हतंही.

सर वर्षअखेरीपर्यंत शिकवत राहिले. घडा, पेला, केळी, तांब्या. बाहुली पिशवीतच राहायची. मे महिन्यात त्यांची बदली झाली, की त्यांनी करून घेतली, की अप्पांनी करवली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा चित्रकलेच्या तासाला इंग्रजी होतं.

पुढं मी नगरला चित्रकलेचा डिप्लोमा केला. तिथं एका तासाला आमच्या प्राध्यापकांनी पडद्यावर चित्रं दाखवली, जगभरच्या चित्रकारांनी काढलेल्या बाहुल्यांची. मुलीच्या मांडीवर बाहुली, रिकाम्या खुर्चीत बाहुली, मोडक्या हाताची बाहुली. ते सांगत होते की चित्रातली बाहुली म्हणजे चित्रकाराचं बालपण असतं आणि त्याचा मुलूखही. तिचं नेसणं पाहा, केस पाहा, ती कुणासारखी दिसते ते पाहा. सगळे लिहून घेत होते. मी एकटी लिहीत नव्हते. माझ्या डोळ्यांपुढं गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली, डस्टरला टेकून बसलेली बाहुली होती.

शेवटच्या वर्षी मी ते लग्न मोठ्या कॅनव्हासवर काढायला घेतलं. नवरा, नवरी, कणीस, वीट, खडूच्या अक्षता, सगळं जमलं. खिडकीपाशी सर काढले. अंग जमलं, मिशा जमल्या, हात जमले. चेहरा जमेना. त्यांनी हे सगळं ठरवून केलं असेल तर चेहरा एक, आणि त्यांना काहीच कल्पना नसेल तर दुसरा. मी सात-आठ वेळा पुसला. परीक्षक म्हणाले, "या माणसाबद्दल तुम्हाला काय म्हणायचंय?" मी म्हटलं, "माहीत नाही." त्यांनी गुण बरे दिले, पण मला ते चित्र घरी लावता आलं नाही.

सुजाता मला पुन्हा भेटली ती खूप वर्षांनी, एका मैत्रिणीच्या लग्नात. संगमनेरला बँकेत नोकरीला होती. आधी औपचारिक बोललो, मग जेवताना एकाच ताटाशी बसलो, आणि आइस्क्रीम येईपर्यंत मी विचारून टाकलं, "तुला काय वाटतं, चिठ्ठ्या खऱ्या होत्या?"

तिला लगेच कळलं कुठल्या चिठ्ठ्या. "खऱ्या असू देत," ती म्हणाली. "खऱ्याच असायला हव्यात."

"मला उलटं वाटतं. त्यांनी मुद्दाम आपलीच नावं काढली असतील तर निदान काहीतरी मनात धरून केलं म्हणता येईल. नाहीतर तो नुसता एक घाबरट माणूस."

"मुद्दाम केलं असेल तर त्यांनी मला वापरलं, शुभे. माझ्या आजीची बाहुली नेऊन टेबलावर ठेवली आणि अप्पा आल्यावर हात वर केले. तुला ते धाडस वाटतंय, कारण तुझी बाहुली पुण्याची होती."

तिचं बरोबर होतं. माझंही चूक वाटत नव्हतं.

सर निवृत्त होऊन गावी राहतात असं कळल्यावर गेल्या वर्षी आम्ही दोघी गेलो. नगरहून मी संगमनेर गाठलं, तिथून अकोले, आणि अकोल्याहून भंडारदऱ्याच्या बाजूला जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. भाताची खाचरं मी पहिल्यांदा जवळून पाहिली. लावणी चालली होती. सुजाता खिडकीतून बघत होती.

सरांनी आम्हाला ओळखलं. थकले होते, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, उजवा हात सारखा कापत होता. सरांच्या बायकोनं, वहिनींनी, चहा केला. सरांनी आमच्या नोकऱ्या विचारल्या, माझ्या वर्गात किती मुलं, सगळ्यांना रंग मिळतात का ते विचारलं. मग मी चित्रांचं विचारलं. भिंतीवरची ती चित्रं कुठं आहेत?

"गेली की. चार-पाच वर्षं जपली. इथल्या पावसात कागद टिकत न्हाई."

मग सुजातानं विचारलं. तिनं कप खाली ठेवला आणि विचारलं, "सर, चिठ्ठ्या खऱ्या होत्या का?"

सरांनी तोंड उघडलं तशी ती म्हणाली, "आणि कृपा करून ‘ते बी खरंच’ म्हणू नका."

सर हसले नाहीत. कापणारा हात दुसऱ्या हातानं धरून बसले. "चिठ्ठ्या खऱ्या हुत्या," ते म्हणाले. "मी पेला हलवला आणि काढल्या. पन दुसरी उघडली तवाच मला कळलं, पुढं काय होनार. तिसरी काढता आली असती. कुनाला समजलं नसतं. पन तुमी दोघी उड्या मारत हुत्या. मला वाटलं, एवढं खूश हायेत, होऊ दे. पत्रिका वाचली तवा बी कळलं. तवा बी वाटलं, असू दे. असू दे, असू दे करत आलो आणि हिचे चुलते समोर बसले तवा मी घाबरलो."

"कशाला?"

"नोकरी कायम व्हायची हुती. आनि नुसतं तेवढंच न्हाई. त्यांनी पुढं काय विचारलं असतं, माझं घर, माझं आडनाव. त्याची सवय मला नव्हती असं न्हाई, पन त्या दिवशी पोरींच्या पुढं नको वाटलं."

बाहेर कुणीतरी बैलांना हाकत होतं. "मग घाबरलो म्हणायचं होतं, सर," ती शेवटी म्हणाली. "आम्हाला समजलं असतं. आम्ही पण घाबरलो होतो. चूक झाली म्हणालात ना, मग मी घरी जाऊन आजीला विचारलं, आपली बाहुली चूक आहे का."

"व्हय," सर म्हणाले. "ते म्हनायला पायजे हुतं." आणि त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच बसून राहिले. वहिनी आत निघून गेल्या.

माझ्या मनात गोंधळ उडाला. मला हवं होतं ते उत्तर मिळालं नव्हतं, सुजाताला हवं होतं तेही नाही. ठरवून केलं नाही, आणि नकळतही झालं नाही. रागवायचं तर कशावर, आणि पाया पडायचं तर कशासाठी? निघताना मी वाकून नमस्कार केला. सुजातानं केला नाही. ती दारात थांबून म्हणाली, "हाताला औषध घेता का? संगमनेरला चांगले डॉक्टर आहेत. मी नंबर पाठवते." जीपमध्ये बसल्यावर मी तिला विचारलं, "राग गेला?" ती म्हणाली, "काय माहीत. तू एवढं विचारू नको बाई सारखं."

या जानेवारीत सकाळी साडेनऊला तिचा फोन आला. सर पहाटे गेले. दुपारी चारला उरकणार होते. "मी निघतेय. तू येतेस का?"

मी रजेचा अर्ज लिहून मुख्याध्यापिकांकडं गेले. दुपारी आमच्या शाळेत चित्रकलेची स्पर्धा होती, बाहेरच्या शाळांची मुलं यायची होती. बाईंनी अर्ज वाचला, सहानुभूतीनं विचारलं, "जवळचं कुणी होतं का?"

साधा प्रश्न होता. मी तिथं उभी राहून विचार करायला लागले. नातेवाईक नाहीत. वर्षभर शिकवलं, त्यातलं शेवटचं घडा-पेला. माझ्या चित्राला चूक म्हणाले. मला हाताचा रंग बनवायला शिकवला. जवळचे म्हणावं का? माझ्या तोंडून निघालं, "नाही, तसं... जवळचं नाही."

"मग स्पर्धा उरकून जाल का? संध्याकाळी घरच्यांना भेटता येईल."

"हो," मी म्हटलं. "चालेल."

आणि मी दीड तास स्पर्धेचे कागद मोजत राहिले. जागेवर येऊन बसल्यावर कळलं की मी आत्ता काय बोलले. पण तोपर्यंत अकराची गाडी गेली होती, आणि परत केबिनमध्ये जाऊन ‘बाई, मी चुकीचं बोलले’ असं म्हणायचं धैर्य काही झालं नाही.

संध्याकाळी सुजाताचा फोन आला. ती भंडारदऱ्याहून परतत होती, आवाज बसला होता. म्हणाली, गाव सगळा आला होता, शाळेतली जुनी मुलं आली होती, वहिनींना तिनं धरून ठेवलं होतं. मी कारणं सांगायला लागले. स्पर्धा होती, ऐनवेळी बदली शिक्षक मिळेना. ती ऐकून घेत होती. मग मी विचारलं, "तुला कशी मिळाली रजा एवढ्या पटकन? तुझ्याकडं पण आज गर्दीचा दिवस असेल."

"मॅनेजरनं विचारलं, कोण वारलं," सुजाता म्हणाली. "मी म्हटलं, आमचे सर. तो म्हणाला, जा."